मिरचीच्या बियांतलं प्रथिन आणि घाटेअळीचं पोट

पूर्णाकाठ | रविवार, रात्री ८.५०

नमस्कार मंडळी. मी जाफराबाद तालुक्यातला. शेडनेटमध्ये मिरचीचं बीजोत्पादन घेतो. जालना जिल्ह्यात हे काम आता गावोगाव चालतं. संध्याकाळी बायका चिमट्याने कळीतले परागकोष काढतात, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाला पराग लावतात. याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. फळ लाल झालं की फोडून बी काढायचं, धुवायचं, सावलीत वाळवायचं. यंदा माझा एक लॉट उगवणशक्तीच्या चाचणीत नापास झाला. ते बी घरात पोत्यात पडून आहे. त्याला कसलंही औषध लावलेलं नाही.

शेडनेटला लागूनच हरभरा आहे. फुलात आलाय, काही ठिकाणी घाटे धरलेत आणि घाटेअळी दिसायला लागली आहे. पाहुणे म्हणाले, मिरचीचं बी वाटून फवारा. मी मोबाइलवर शोधलं तर कळलं की मिरचीच्या बियांत अळीचं पचन अडवणारी प्रथिनं असतात आणि त्यावर पुण्यात मोठं काम झालंय. हे कितपत खरं? आणि खरं असेल तर माझं हे बी वाटून फवारल्याने काही होईल का? जाणकारांनी सविस्तर सांगावं. नुसतं "करून बघा" असं कृपया लिहू नका, या दीड एकरावर बरंच काही अवलंबून आहे.

माळरान | रविवार, रात्री ९.२५

दादा, मी बीड जिल्ह्यातला, कोरडवाहू तूर-हरभरावाला. आमच्याकडे अग्निअस्त्र करतात. गोमूत्र, तंबाखू, हिरवी मिरची, लसूण, कडुनिंबाचा पाला उकळून गाळायचा आणि फवारायचा. लहान अळीवर थोडाफार फरक पडतो. मोठी अळी एकदा घाट्यात तोंड घालून बसली की तिला काही होत नाही. आता मिरचीने जे काय होतं ते तिखटपणानेच होतं, असंच आम्ही समजायलोत. प्रथिनाचं मी तरी पहिल्यांदाच ऐकतोय.

धर्माबादकर | रविवार, रात्री ९.४८

नांदेड जिल्ह्यातलं आमचं गाव लाल मिरचीच्या बाजारावर चालतं. देठ खुडायला बसणाऱ्या बायकांच्या हाताची कशी आग होते ते रोज बघतो, म्हणून एक विचारतो. लोक म्हणतात बी सगळ्यात तिखट. मग अळीला बी चालत नाही ते तिखटामुळेच ना? यात प्रथिनाचा काय संबंध?

अबोली_परभणी | रविवार, रात्री ११.३०

पूर्णाकाठ दादा, तुम्ही फार चांगला प्रश्न काढलात. माझं शिक्षण जीवरसायनशास्त्रातलं आहे आणि अळीच्या पोटातली एन्झाइम हाताळण्यात बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे जरा लांबण लागणार आहे.

आधी धर्माबादकरांचं. तिखटपणा कॅप्सेसिनचा. ते प्रथिन नाही, आणि बियाही ते तयार करत नाहीत. मिरचीच्या आत बी ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेलं असतं तो गाभा ते तयार करतो, बियांना ते फक्त वरून लागतं. त्याचा रोख आपल्यासारख्या दाढांच्या प्राण्यांवर आहे, कारण आपण बी चावून फोडतो. पक्ष्यांना तिखट लागतच नाही. ते मिरची गिळतात आणि बी धडधाकट दुसरीकडे टाकतात. कॅप्सेसिन शरीरातल्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टर, म्हणजे आग-जळजळ ओळखणारं पेशीवरचं प्रथिन) चिकटतं तो १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांनी शोधला आणि २०२१ चं नोबेल त्यांना अशाच कामासाठी मिळालं. पक्ष्यांचा हाच ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही.

बियांतलं प्रथिन ही सर्वस्वी वेगळी गोष्ट. ते जिभेला कळत नाही, त्याला ना वास ना चव. त्याचं काम पोटात गेल्यावर सुरू होतं. घाटेअळीला वाढायला प्रथिनं लागतात, आणि खाल्लेल्या पाल्यातली, दाण्यातली प्रथिनं तोडायला तिच्या आतड्यात ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन अशी एन्झाइम असतात. आपल्या पोटातही याच जातीची असतात. मिरचीतलं प्रथिन या एन्झाइमसमोर अन्न म्हणूनच जातं. त्याचा एक वळसा एन्झाइमच्या तोडणाऱ्या जागेत अगदी नीट बसतो, पण तुटत नाही आणि लवकर सुटतही नाही. अडकित्त्यात सुपारीऐवजी खडा अडकावा तसं ते एन्झाइम तिथंच निकामी होऊन बसतं. अळी खात राहते, पण अंगाला काही लागत नाही.

हे प्रथिन लहानसं असतं. एकेका घटकात ५० ते ५५ अमिनो आम्लं आणि त्यात ८ सिस्टीन, म्हणजे गंधक असलेली अमिनो आम्लं. या आठांचे चार गंधकबंध होतात, त्यामुळे ते घट्ट बांधलेलं राहतं आणि आतड्यातही लवकर विरघळून जात नाही. बटाट्यात हे घराणं आधी सापडलं म्हणून त्याला 'पोटॅटो इनहिबिटर दोन', थोडक्यात पिन-२ म्हणतात. इनहिबिटर म्हणजे एन्झाइमला अडवणारं. मिरची, टोमॅटो, तंबाखू, बटाटा ही एकाच कुळातली पिकं आहेत, सगळ्यांत ते असतं. पाप्रिका मिरचीच्या बियांतल्या अशा प्रथिनाची पूर्ण रचना १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. मिरचीचं वैशिष्ट्य असं की तिच्या काही जनुकांत असा एकच घटक असतो, तर काहींत दोन, तीन, अगदी चारही एका माळेत येतात. प्रत्येक घटक वेगळं एन्झाइम अडवू शकतो.

आता पुण्याचं काम. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) डॉ. विद्या गुप्ता, डॉ. अशोक गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे बरीच वर्षं लावून धरलं. २००५ साली त्यांनी 'फुले ज्योती' या मिरचीच्या वाणातून दोन इनहिबिटर वेगळे केले. दादा, एक लक्षात घ्या, तो प्रयोग पानांवरचा होता, बियांवरचा नव्हता. वेगवेगळ्या पिकांवर वाढलेल्या घाटेअळ्यांच्या आतड्यातलं प्रथिन तोडण्याचं काम त्या दोन प्रथिनांनी ६० ते ८० टक्के थांबवलं. मग अळ्यांना दोन पिढ्या कृत्रिम खाद्यातून तेच दिलं. अळ्या खुरटल्या, कोषात जायला उशीर झाला, आणि पतंगांनी घातलेली अंडी व त्यातून निघणारी पिल्लं फार कमी झाली.

आधी हे सगळं डोक्यात घ्या. फवारणीचं उद्या लिहिते, कारण उत्तर एका ओळीचं नाही.

माळरान | सोमवार, सकाळी ६.४०

ताई, सगळं समजलं. पण एक शंका आहे. अळी मरत नाही, नुसती खुरटते. मग ती जास्त दिवस खात राहणार. आमचं नुकसान तर तेवढंच, उलट जास्तच. हा कुठला फायदा?

आणि दुसरं. हरभऱ्याच्या दाण्यात अशी प्रथिनं नाहीत का? असतील तर घाटेअळी हरभऱ्यावरच एवढी का तुटून पडते?

अबोली_परभणी | सोमवार, दुपारी १.१५

माळरान काका, तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच सगळ्या विषयाचं मर्म आहे.

हरभऱ्यात इनहिबिटर आहेत. दाण्यात तर भरपूर. तरीही अळी हरभरा फस्त करते. १९९८ मध्ये एनसीएलच्याच गटाने दाखवलं की घाटेअळीच्या आतड्यातली काही एन्झाइम हरभऱ्याचे हे इनहिबिटर चक्क तोडून टाकतात. हरभऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या अळीने हरभऱ्याच्या बचावावर उपाय शोधून ठेवलाय. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी उलटा विचार केला. ज्या झाडांवर ही अळी सहसा जगत नाही, त्यांचे इनहिबिटर घेतले: चारधारी घेवडा, भुईमूग, बटाटा. ते अळीच्या ओळखीचे नव्हते, त्यामुळे जास्त चालले. तेही एकच घेऊन भागलं नाही, आलटूनपालटून द्यावे लागले. मिरचीकडे लक्ष गेलं ते याच वाटेने.

आता पहिली शंका. खरी आहे. पोट भरत नाही म्हणून अळी काही वेळा जास्त खाते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पण लहान अवस्थेत अडकलेली अळी पक्ष्यांच्या आणि परोपजीवी गांधीलमाश्यांच्या तावडीत जास्त दिवस राहते. आणि पुढची पिढी आखडते, जी फायद्याची मोठी बाजू आहे. चालू पिकातली अळी आज रात्रीत मारायची असेल तर मात्र हे साधन नव्हे.

अळीची आणखी एक खोड सांगते. एक एन्झाइम अडलं की ती दुसरं बनवते. १९९५ मध्ये हॉलंडमधल्या संशोधकांनी हे एका स्पोडोप्टेरा अळीवर दाखवलं. तंबाखूच्या झाडात बटाट्याचं इनहिबिटर घातलेलं होतं. अळीने ज्याला हा इनहिबिटर चिकटतच नाही असं एन्झाइम वाढवलं आणि निवांत खात राहिली. २००५ च्या प्रयोगातही मिरचीच्या प्रथिनांनी ट्रिप्सिनच्या जातीचं काम ६८ ते ९१ टक्के थांबवलं, पण कायमोट्रिप्सिनच्या जातीचं बरंचसं काम चालूच राहिलं. चार घटकांची माळ असलेल्या जनुकात संशोधकांना रस आहे तो यामुळे.

लातूरची_वैशाली | सोमवार, दुपारी २.३०

अबोलीताई, आमच्याकडे घरोघरी सोयाबीन. कच्चं सोयाबीन कोंबड्यांना घालू नये असं सासूबाई म्हणतात, ते याच प्रथिनामुळे का? आणि आपण ठेच्यात, येसरात मिरची बियांसकट खातो. मग आपलं पचन अडत नाही का? माझ्या सासऱ्यांना साखरेचा त्रास आहे. कुणीतरी त्यांना सांगितलंय की मिरचीचं बी पिठाचं पचन थांबवतं, म्हणून रोज चमचाभर खा. हे बरोबर आहे का?

अबोली_परभणी | सोमवार, दुपारी ४.०५

वैशालीताई, सासूबाईंचं बरोबर आहे. १९१७ मध्ये ऑसबर्न आणि मेंडेल यांनी दाखवलं की उंदरांना कच्चं सोयाबीन दिलं तर ते वाढत नाहीत, शिजवून दिलं तर वाढतात. सोयाबीनमधलं हे इनहिबिटर कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये स्फटिकरूपात वेगळं केलं. कच्चं सोयाबीन खाणाऱ्या पिल्लांचं स्वादुपिंड मोठं होतं, कारण ते तुटीचं ट्रिप्सिन भरून काढायला राबत राहतं. उष्णतेने सोयाबीनचं हे प्रथिन बहुतांशी निकामी होतं, म्हणून पशुखाद्यात जाणारी पेंड भाजून घेतात.

ठेच्याची काळजी करू नका. मिरची आपण चवीपुरती खातो. तेवढ्या प्रथिनाने आपलं पचन अडत नाही.

साखरेचं मात्र काळजीपूर्वक ऐका. मिरचीच्या बियांत लिपिड, म्हणजे स्निग्ध पदार्थ, वाहून नेणारं एक छोटं प्रथिन आहे, ते स्टार्च तोडणारं अमायलेज अडवतं. ब्राझीलमधल्या एका विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये ते परीक्षानळीत दाखवलं. त्यांचा मुख्य रस बुरशी मारण्यात होता. परीक्षानळीतलं अमायलेज अडणं आणि माणसाची साखर उतरणं यात फार अंतर आहे. बियांतलं प्रथिन पोटात गेल्यावर आपल्याच एन्झाइमच्या तावडीत सापडतं. रोज चमचाभर बी खाऊन जठराची आग मात्र हमखास होईल. सासऱ्यांना म्हणावं, गोळ्या सोडू नका आणि हा उपाय करू नका.

पूर्णाकाठ | सोमवार, संध्याकाळी ७.२०

ताई, खूप आभार. आता माझं पोतं राहिलं.

अबोली_परभणी | सोमवार, रात्री १०.१०

हो दादा.

तुमचं बी उगवलं नाही म्हणून त्यातलं प्रथिन गेलं असं नाही. कोरड्या बियांत ते टिकून असू शकतं. पण वाटून फवारण्यात तीन अडचणी आहेत आणि तिन्ही मूळच्या आहेत.

एक, हे प्रथिन एन्झाइमला एकास एक चिकटतं. रासायनिक औषधासारखं चिमूटभर पुरत नाही. अळीच्या आतड्यात एन्झाइम सतत तयार होत असतं, म्हणजे तिच्या प्रत्येक घासात इनहिबिटर पुरेसं असायला हवं. झाडाच्या पेशीत ते असेल तरच असं होतं. पानावर वरून पडलेला थेंब दव, ऊन, वाऱ्यात किती टिकणार? दोन, हरभऱ्यात अळी घाट्याला भोक पाडून आतला दाणा खाते. फवारा बाहेरच राहतो. तीन, बी वाटल्यावर त्यात तेल, तिखट, साली, सगळंच येतं. फवारून दोन अळ्या गळाल्या तर त्या तिखटाने गळाल्या की प्रथिनाने, तुम्हाला कळणार नाही.

म्हणूनच जगभर या प्रथिनांचं जनुक झाडात घालण्याकडे कल राहिला. १९८७ मध्ये चवळीतलं ट्रिप्सिन इनहिबिटरचं जनुक तंबाखूत घालून त्याची सुरुवात झाली. चीनमध्ये तेच चवळीचं जनुक बीटीच्या (जिवाणूतून घेतलेल्या अळीमार जनुकाच्या) जोडीने कापसात आलं. आपल्याकडे शेतात रीतसर लागवड होते ती एकाच जनुकबदल पिकाची, कापसाची, आणि त्यात बीटीचीच जनुकं आहेत. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यातली, विदर्भातली बोंडं कशी पोखरली ते इथल्या प्रत्येकाने पाहिलंय. एकाच हत्यारावर भिस्त ठेवली की काय होतं हे आपल्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक? माझं ठाम मत आहे की इनहिबिटरचं काम आपल्या भागातल्या पिकांसाठी, आपल्या अळ्यांवर, इथल्या प्रयोगशाळांत पुढे जायला हवं. पैसा आणि मनुष्यबळ दोन्ही हवं.

इथल्या म्हणायचं कारण सांगते. इनहिबिटर ओळखायची एक सोपी, स्वस्त पद्धत १९९४ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातून जगापुढे आली. एक्स-रे फिल्मवर जिलेटिनचा थर असतो. जिलेटिन म्हणजे प्रथिनच. बियांच्या अर्कातली प्रथिनं जेलमध्ये (जेलीसारख्या पातळ थरात) वेगळी करायची, ते जेल एन्झाइमच्या द्रावणात भिजवायचं आणि फिल्मवर ठेवायचं. एन्झाइम जिलेटिन खाऊन टाकतं. गरम पाण्याखाली फिल्म धरली की खाल्लेला थर धुऊन जातो आणि फिल्म पारदर्शक होते. जिथं इनहिबिटर असतं तिथं जिलेटिन शाबूत राहतं आणि फिल्मवर पट्टे उमटतात. महागडं यंत्र नको, महागडं रसायन नको. मी स्वतः तुरीच्या, मिरचीच्या बियांचे पट्टे असेच पाहिलेत. तुरीची पट्टी आणि मिरचीची पट्टी शेजारी धरली की दोन वनस्पतींनी आपलं बी राखायचे किती निराळे मार्ग काढलेत ते डोळ्यांना दिसतं. इथल्या कॉलेजातल्या पोरांनी हे एकदा तरी करून बघावं.

धर्माबादकर | मंगळवार, सकाळी ९.००

ताई, मुलगी बीएस्सीला आहे. तिला हे वाचायला दिलं. ती विचारते, बी स्वतःच्या आत असं प्रथिन ठेवतं तर ते स्वतःच्या उगवणीला अडसर होत नाही का?

अबोली_परभणी | मंगळवार, सकाळी ११.४५

लेकीला शाबासकी द्या. बी उगवायला लागलं की साठवलेली प्रथिनं तोडणारी एन्झाइम तयार होतात आणि इनहिबिटर हळूहळू कमी होत जातात. ते गंधकाने समृद्ध असल्याने कोवळ्या रोपाला खाद्य म्हणूनही उपयोगी पडतात. पानांतली गोष्ट वेगळी. पान कुरतडलं की झाड खबर फिरवतं आणि न कुरतडलेल्या पानांतही इनहिबिटर वाढतात. टोमॅटो-बटाट्यावर १९७२ मध्ये ग्रीन आणि रायन यांनी हे दाखवलं. ती खबर नेणारं १८ अमिनो आम्लांचं छोटं रेणू-पत्र त्याच गटाने १९९१ मध्ये टोमॅटोत शोधलं, त्याला सिस्टेमिन म्हणतात. तिला म्हणावं, शंका आली की इथंच विचार.

माळरान | मंगळवार, दुपारी १२.३०

मग आत्ता या हरभऱ्याला काय करायचं? पूर्णाकाठ दादाला तेच तर हवंय.

अबोली_परभणी | मंगळवार, दुपारी १.२०

एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या की उपाय करायची पातळी आली. त्याआधी फवारू नका. हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सापळ्यात सलग दोन-तीन दिवस ८ ते १० पतंग यायला लागले तर सावध व्हा. शेतात पक्षीथांबे हवेत. पेरताना ज्वारीचे चार दाणे मिसळले असतील तर ती ताटं आता कामी येतील. अळ्या लहान असताना ५ टक्के निंबोळी अर्क आणि घाटेअळीचा विषाणू, एचएएनपीव्ही, हेक्टरी ५०० एलई (विषाणूचं माप, अळी-समतुल्य), संध्याकाळी फवारा. उन्हाने विषाणू मरतो. मोठ्या अळीवर त्याचा उपयोग कमी होतो, म्हणून दिवस घालवू नका. विषाणू कुठे मिळेल ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला फोन करून विचारा.

पूर्णाकाठ | मंगळवार, रात्री ८.१५

आज दुपारी घरच्यांनी आणि मी मिळून ओळी मोजल्या. उत्तरेकडच्या बांधाजवळ मीटरला दोन-दोन अळ्या आहेत, बाकी शेतात कुठेतरी एखादी. सगळ्या लहान, हिरव्या. उद्या निंबोळी भिजत घालतो आणि केव्हीकेला फोन करतो. फवारणी आधी त्या बांधाच्या पट्ट्यातच करू का, की सगळ्या दीड एकरावर?

अबोली_परभणी | मंगळवार, रात्री ८.५०

आधी पट्टा करा. बाकीच्या शेतात दर तिसऱ्या दिवशी मोजत राहा आणि आकडे इथं टाका. आणि ते बी कोंबड्यांपुढे ओतू नका. त्यांना तिखट लागत नाही म्हणून त्या आवडीने खातील, पण कच्चं बी पोत्याने खाऊ घालायची गोष्ट नाही. त्यातलं मूठभर मला पाठवता आलं तर पाठवा, व्यक्तिगत निरोपात पत्ता देते. फिल्मवर त्याचे पट्टे काढून इथं फोटो टाकते.

पूर्णाकाठ | मंगळवार, रात्री ९.०५

पाठवतो ताई. आई-बापाच्या दोन्ही ओळींचं थोडं थोडं बीही माझ्याकडे आहे, तेही वेगळ्या पुडीत पाठवू का?

अबोली_परभणी | मंगळवार, रात्री ९.१०

नक्की पाठवा. तिन्ही पुड्यांवर नाव आणि बी काढल्याची तारीख लिहा. संकराच्या पट्ट्यात आईचं किती आणि बापाचं किती उतरलंय ते मलाही बघायचंय.